निळं पाणी

माझं म्हायेर धारूरकडचं, डोंगरातलं, तवा मासा म्हंजी कालवणातला एवढंच ठावं, काचंत पाळायचा मासा बीडला येऊन बी लई वर्षं बघितला न्हवता. मी अंगणवाडीत मदतनीस हाय. आमचे हे शाळेत शिपाई होते. रिटायर होऊन वरीस झालं न्हाई तर लकवा मारला, उजवं अंग गेलं अन् वाचा बी गेली. काय सांगू तुमाला, सगळ्या शाळेला दटावणारा माणूस, आता निसतं हूं हूं.

मग लेकीनं माशाची पेटी आणली, म्हणली आई, दादांचं मन रमंल. अन् रमलं की हो. सात मासे, नारंगी. दिवसभर ह्यांची खुर्ची पेटीम्होरं.

औंदाच्या थंडीत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मीठ भुरभुरल्यावानी, अन् ते दगडाला अंग घासाया लागले. माशांच्या दुकानातल्या चाचांनी निळ्या औषधाची बाटली दिली अन् दोनदा बजावलं, बाई, आधी पाणी मोजा, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका, पेटीतल्या गाळणीतला कोळसा काढा न्हाईतर तो औषध पिऊन टाकतो, हवेची मोटर चालू ठिवा, अन् जास्तीचं औषध म्हंजी जहर. मी समदं तसंच केलं, पाणी बादलीनं मोजलं. थेंब टाकताना हे माझ्या हाताकडं बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेलते. बाटली पेटीशेजारीच ऱ्हायली, ती चूक माझी. दुपारी आले तर पाणी शाईवानी निळं, रिकामी बाटली ह्यांच्या मांडीवर, अन् मासे वर येऊन तोंड वासतेत. चाचांना फोन लावला, ते म्हणले आत्ताच्या आत्ता साफ पाण्यात काढा. आता साफ पाणी कुठून आणू, नळ आठ-दहा दिसाला येतो, घरात प्यायचा एक हंडा. तोच टपात वतला, शेजारणीनं एक कळशी दिली. संध्याकाळपतुर पाच गेले, सकाळी ऱ्हायलेले दोन बी.

मी वरडले, कावून वतलं हो, कावून? ते हूं हूं करून रडाया लागले, मग मी बी बसले खाली. लवकर बरं व्हावं म्हणून वतलं, का माशांचे हाल बघवंनात म्हणून, मला आजून कळलं न्हाई. दुसरं तर मी इचारीत बी न्हाई, भ्या वाटतं. ह्यांच्या सोताच्या गोळ्या आता मी कपाटात कुलूप लावून ठिवते.

लेक म्हणती नवे मासे आणते. मी नको म्हणलं. हे आजून बी तिथंच बसतेत, रिकाम्या काचंम्होरं, मी बाजूला बसून शेंगा फोडते.

चहा घ्या, निवला बगा. तुमच्या घरची माणसं बोलती ऱ्हावोत बाबा, भांडली तरी चालंल.