सलीमच्या पोरीच्या पत्रिका

कॉम्प्युटरनं फार सोय झाली असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. का ते ऐका.

संग्रामपूरचा सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन तो घरी आला.

"पाकिटावरची नावं तूच लिहून दे बे. माह्या शादीलेही तूच लिहिली होती. लोक अजून इचारतात, कोनाचं अक्षर होतं म्हणून."

तेव्हा मी बातम्या हातानं लिहायचो. आता सगळं कॉम्प्युटरवर; सही सोडली तर पेन हातात येत नाही. तरी ऐटीत बसलो. पहिलंच नाव तिरपं गेलं. लक्ष्मणरावांच्या 'क्ष'ला पेन अडला. तिसऱ्या नावाला बोटं आखडली.

"काऊन बे, हात दुखून राह्यला का?"

"पेन भिकार आहे तुझा," मी खेकसलो.

त्यानं खिशातला दुसरा काढून दिला. त्यानंही तेच. सलीमनं तिन्ही पाकिटं पाहिली आणि हळूच बाजूला ठेवली.

"राहू दे. नावं छापून चिकटवतो. आजकाल सगळेच करतात."

अधिकाऱ्यांशी भांडण्यात माझा जन्म गेला, पण सलीमपुढं मी पेनाला टोपण लावलं.

आठवड्यानं आमच्या घरी दोन पत्रिका आल्या. भावाच्या पाकिटावर छापील पट्टी होती. माझं नाव मात्र पेनानं लिहिलेलं, कोंबडीच्या पायांसारखं, शाळेत होतं तसंच. उघडण्याआधीच ओळखलं, सलीमचं अक्षर.

माझं आता कोण ओळखणार?