सरकारजमा

(एरंडोलजवळच्या एका गावातलं तलाठी कार्यालय. भिकुबाईच्या हातात नोटीस, समोर नवी तलाठी कामिनी.)

भिकुबाई : ...भाऊनं घर सरकारनं व्हई जाई? ताई, नीट वाची देखा.

कामिनी : तीनदा वाचलं, अक्का. ‘सरकारजमा’ म्हणजे मालक वारला, वारस कोणीच नाही, मग मालमत्ता सरकारची. राजेरजवाड्यांपासूनची रीत आहे ही. बेवारस माल राजाच्या कोठारात जायचा. इंग्रजांनी तर औरस वारस नाही म्हणून अख्खी संस्थानं घशात घातली.

भिकुबाई : कशानं संस्थान वं माय! दोनच तं खोल्या, न् पुढे लिंबनं झाड.

कामिनी : नवलभाऊंच्या तुम्ही कोण?

भिकुबाई : बहीण.

कामिनी : सख्खी?

भिकुबाई : एकच मायना पोटनी. त्यानं लगीन नही, पोरंसोरं नही. मीच रोज डबा लई जाऊ.

कामिनी : मग पंचनाम्यात हे कुणी सांगितलं? ‘मयताचे कोणीही नाही.’

भिकुबाई : मीच.

कामिनी : काय?

भिकुबाई : तुमना आधीना तलाठी उना व्हता. इचारं त्यानी, ह्याले कोन शे? मी सांगं, कोन्ही नही. बठ्ठा पंचस्ना समोर अंगठा दिन्हा.

कामिनी : अहो, पण तुम्ही बहीण ना त्यांच्या!

भिकुबाई : मी दिल्या घरनी. बाप गया तवयच हक्कसोड करी दिन्हं. भाऊनी माले लुगडं लिन्हं, मी अंगठा दिन्हा. आपलाकडे बठ्ठ्या बहिणी देतस. मंग मन्हं काय राहिनं तठे?

कामिनी : अरे देवा! अक्का, ती सोड वडिलांच्या जमिनीपुरती होती. हे घर नवलभाऊंनी स्वतः बांधलं. आई-वडील नाहीत, बायको-मुलं नाहीत, दुसरा भाऊ नाही. कायद्यानं वारस तुम्हीच.

भिकुबाई : मी?

कामिनी : तुम्हीच. अहो, बसा. आधी बसा. पाणी घ्या.

भिकुबाई : म्हंजे मी मन्हाच तोंडे त्याले बेवारस करं?

कामिनी : रडू नका. हरकतीला अजून नऊ दिवस आहेत. आजच अर्ज देऊ, घर वाचेल.

भिकुबाई : घरनं मांगून देखसूत. आधी ती ओळ खोडा.

कामिनी : सरकारी कागदावरची ओळ खोडता येत नाही, अक्का. वेगळा जबाब लिहून जोडता येतो. सांगा, काय लिहू?

भिकुबाई : लिखा... नवलले बहीण शे.