पंखाच्या पलीकडून

...लावा की हात, घाबरता काय? कापडच आहे ते. टिचकी मारून बघा – नव्या मृदंगासारखं वाजतंय की नाही? तसंच वाजायला हवं. भद्द वाजलं की कापड म्हातारं झालं म्हणून समजायचं. वरच्या पंखाला मारा, खालच्याला नको – नाही हो, काही नाही, खालचा डावा जरा नाजूक आहे, एवढंच. तुमची गाडी फाटकाबाहेरच असू द्या अजून थोडा वेळ. हे झोपलेत पलीकडच्या खोलीत. दहीभात खाऊन पडले की उन्हं उतरेपर्यंत उठत नाहीत. कापी घेणार ना? कॉफीला आमच्याकडे कापीच म्हणतात, हसू नका. आमचं मराठीच विचित्र लागत असेल तुम्हाला, पुण्याचे तुम्ही. घरात मराठी बोलायचं, लिहायचं तमिळमध्ये – इतक्या पिढ्या तंजावुरात काढल्यावर भाषेला इकडचंच पाणी लागणार. आमच्या वर्षाला तर नुसतं कळतं, बोलायला गेली की इंग्रजीत शिरते. तुमच्याशी फोनवर तसंच बोलली असेल. काय सांगितलं तिने? अप्पांची तब्येत बरी नसते, गिरणीची जागा मोकळी करायचीय, विमान चांगल्या माणसाच्या हाती जावं – असंच ना? बरोबर आहे. खोटं काही नाही बोलली पोरगी.

ही गिरणी माझ्या सासऱ्यांची, भाताची. कोपऱ्यात खरवडलंत तर अजून कोंडा निघेल. पापनाशमला मोठ्या गिरण्या आल्या आणि ही बंद पडली. हे हवाई दलातून निवृत्त होऊन आले, ते इथे येऊन नुसते बघत उभे राहिले. मला वाटलं, पाडून घर बांधायचा विचार असेल. तर म्हणाले, ‘रुंदी पुरेल.’ कशाला पुरेल? विमानाला! आता ह्या माणसाने नोकरीभर काय केलं – दुसऱ्यांची विमानं नीट केली. मेकॅनिक होते ना. नीट करायचं, बाजूला व्हायचं, आणि ते वर गेलं की मान वर करून बघायचं. स्वतः कधी उडवलं नाही. लोक ह्या वयात काशीला जातात, हे कोइंबतूरला विमान चालवायला शिकायला गेले. नातेवाईक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? हसून पोळ्या बांधून दिल्या.

आणि हे असलंच जुन्या तऱ्हेचं का म्हणून मघाशी विचारलंत ना तुम्ही – एकावर एक दोन पंख, वर उघडं, तोंडावर वारा घेणारं? हे लहान असताना तिरुवैयारूकडे भातशेतांवर औषध मारायला असलं एक विमान यायचं म्हणे. हे बांधावर उभे होते. वरच्या माणसाने खाली बघून हात केला. झालं. तेवढ्या एका हातावर ह्या आमच्या सेतुमाधवरावांनी सगळं आयुष्य काढलं. एकेक लाकूड उन्हात धरून रेघा बघायचे, कुठे गाठ दिसली की बाजूला टाकायचे. मी ती चुलीला नेली तर रागवायचे – गाठ असलेल्या लाकडावरही ह्यांची माया. परवानग्यांचं तर विचारूच नका. दिल्लीहून एक साहेब यायचे, चष्मा लावून बघायचे, जायचे, परत यायचे. हे प्रत्येक वेळी नवीन वेष्टी नेसून फाटकात उभे. नवरीमुलगी दाखवतात तसं विमान दाखवायचे.

पण पंखाचं सांगत होते मी. मी शाळेत शिवणाची टीचर होते – राजवाड्याजवळच्या मुलींच्या शाळेत. तर लाकडाचा सांगाडा झाला, त्यावर कापड चढलं, इस्त्रीने ताणलं, आणि मग हे म्हणाले, ‘इथून पुढे मला एकट्याला नाही जमायचं.’ का? अहो, नुसतं चिकटवून भागत नाही, वर गेल्यावर वारा ते कापड ओढतो. आतल्या फासळ्यांना ते शिवून टाकावं लागतं, आरपार. पंख भिंतीसारखा उभा करायचा. हे ह्या बाजूला, मी त्या बाजूला. सुई हातभर लांब. ह्यांनी इकडून घालायची, मी तिकडून ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत द्यायची, ह्यांनी गाठ मारायची. मधे कापड – एकमेकांचं तोंड दिसत नाही. सुईचं टोक बाहेर आलं की कळायचं, हं, आहेत पलीकडे. आणि काय सांगू तुम्हाला – तेव्हा आम्ही बोललो. लग्न होऊन इतकी वर्षं, पण हे कायम उत्तरेत कुठेतरी, मी शाळा धरून इथे. सुटीवर आले की पाहुण्यासारखे. समोरासमोर बसलो की ह्यांना शब्द सुचायचे नाहीत. पंखाच्या आडून मात्र सुचले. वर्षा झाली तेव्हा तार मिळाली आणि हे रडले होते, ते मला तिच्या लग्नानंतर कळलं, ह्या पंखाच्या पलीकडून. बदली मागितली होती तंजावूरला, दिली नाही – तेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, मला वाटायचं तुम्हाला तिकडेच बरं वाटतं. मग सुई आली. मी ओढली. बोट टोचलं ते सांगितलं नाही.

उडालं की! उडालं म्हणजे काय! पुदुकोट्टैच्या पलीकडे युद्धाच्या काळातली जुनी धावपट्टी आहे, पंख काढून लॉरीवर घालून नेलं. आधी हे एकटे गेले, फिरवून आणलं. मग कितीतरी दिवसांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी नऊवारी सोडून वर्षाचा चुडीदार घातला होता, डोक्याला मफलर. पुढे बसणाऱ्याला मागचा दिसत नाही, माहीत आहे ना तुम्हाला. परत तेच – हे आहेत, पण दिसत नाहीत. खाली तळी दिसत होती, जेवणाच्या पंगतीत पाण्याचे पेले मांडावेत तशी, सगळ्यांत ऊन. मी रडले. खाली उतरल्यावर ह्यांनी विचारलं, भीती वाटली का? हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? ह्यांनी रुमाल दिला, आणि तेलाचा डाग माझ्या गालाला लागला.

– कोणती? ती शिवण? म्हटलं ना, खालचा डावा जरा नाजूक आहे. कापड जुनं. पट्टी कितीदा लावलीय म्हणजे... उंदीर. गिरणीत उंदीर असायचेच. – बरं. तुम्ही उडवणारे आहात, तुम्हाला उंदीर सांगून चालायचं नाही. वर जाऊन फाटलं तर माझ्या माथी. त्या पंखाचं कापड नवीन घाला, सगळं काढून. ती शिवण मी उसवलीय. मीच. पुन्हा पुन्हा.

सांगते ना, बसा.

सुरुवात कशी झाली – ह्यांच्या हातात पाना आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना. हसलो आम्ही. मग गल्ली आठवेना. राजवाड्यामागच्या आमच्या घरातून निघायचे ते कोणीतरी हात धरून आणून सोडायचं. मग वर्षा. ती चेन्नैहून आली, पाया पडली, ह्यांनी तिला ‘दीर्घायुषी हो, कोणाची गं तू?’ म्हणून विचारलं. आणि मग एक दिवस सकाळी मी कापी घेऊन गेले, तर उठून उभे राहिले. उठून! बाहेरच्या बाईसमोर राहतात तसे. ‘अम्मा, तुम्ही कशाला त्रास घेतला?’ तमिळमध्ये. माझ्याशी जन्मात तमिळ नाही बोलले. डॉक्टर म्हणाले, असंच होत जाणार.

पण गिरणीत आणलं की सगळं ठीक. खरं सांगते. ह्या दारातून आत आले की तारा ओढून बघायचे, चाकाची हवा बघायचे, इंजिनखाली वाकून तेल गळतंय का बघायचे – एक गोष्ट चुकायची नाही. आणि मी पंखाच्या पलीकडे उभी राहिले की, ‘कमला, सुई दे.’ तुम्हाला नाही कळायचं ते. देवळात घंटा वाजते ना, तसं व्हायचं मला. म्हणून घर बंद केलं आणि इथे येऊन राहिलो, बाजूच्या खोलीत. वर्षा रागावली, पत्र्याखाली कसे राहता म्हणून. राहतो. पण शिवायला काहीतरी हवं ना? पंख झाला की झाला. मग हे नुसते खुर्चीत बसायचे आणि मी परत अम्मा. तर मी काय करायची, हे झोपले की त्या डाव्या पंखाची एक ओळ उसवून ठेवायची. पट्टी सोलायची, दोरा कापायचा, सोडवूनच ठेवलेला तो पंख लाकडी घोडीवर उभा करायचा. उठून आले की बघायचे, ‘अरे, हे सुटलंय.’ सुटलंय खरं, म्हणायची. ‘कमला, ये.’

मधे एक दिवस हे एकटेच आत आले, मी बाजारात होते. इंजिन चालू केलं. नाकावरचा पंखा हाताने फिरवूनच चालू होतं हे, माहीत असेल तुम्हाला. चाकांना अडसर लावायचा राहिला, विमान पुढे सरकलं. शेजारचा सांबशिव धावत आला म्हणून, नाहीतर ह्यांचं कोपर मोडलं तेवढ्यावर भागलं नसतं. वर्षा त्याच दिवशी आली. विकायचं म्हणाली. मी म्हटलं, पंखा काढून ठेवते, पेट्रोल सांडून देते, पण विकायचं नाही. भांडले मी लेकीशी. ती रडत गेली. पंखा मीच काढला – ह्यांनीच शिकवलेलं. तिकडे गोणपाटात बांधून ठेवलाय, न्याल तेव्हा जपून. म्हणजे... हो. न्याल तेव्हा.

मग आता का विकते? जागा मोकळी करायचीय ना. वर्षाने सांगितलं की तुम्हाला. – नाही. जागेला कोण विचारतंय इथे.

गेल्या शुक्रवारी मी एक ओळ उसवली. पंख उभा केला. हे आले, बघितलं, ‘सुटलंय’ म्हणाले. मी पलीकडे जाऊन उभी राहिले. सुई आली. मी ओढली, परत घातली. छान चाललं होतं. बाहेर कोणीतरी नारळ पाडत होतं, त्याचा आवाज. मग सुई यायची थांबली. मी वाट बघितली. गाठ मारत असतील म्हटलं. तर हे पंखाला वळसा घालून आले इकडे. माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, रागाने नाही हो, फार मायेने बघितलं. आणि माझ्या हातातून सुई काढून घेतली. म्हणाले, ‘राहू द्या, अम्मा. हे काम माझी बायको करते. तिची शिवण वेगळी असते. ती येईल आता.’

आणि बसले. तिथे, त्या स्टुलावर. दाराकडे तोंड करून.

मी रात्रभर रडले, असं वाटेल तुम्हाला. नाही. मी जाऊन भात लावला. सकाळी वर्षाला फोन केला, विमान घेऊन जा म्हण घेणाऱ्याला. तिला वाटलं मी शहाणी झाले. शहाणी कसली? इतके दिवस मी ह्याला कापते, शिवते, पुसते, ते ह्यांच्यासाठी म्हणून नव्हे. ह्यांच्या तोंडच्या माझ्या नावासाठी. आता तेच नाही उरलं तर ह्या लाकडांना मी काय पुजू? तुम्ही चांगले दिसता. हळू हात लावता. उडवाल. ते बरंच आहे. चला, आधी वरचा पंख सोडवायचा, माणसं बोलवा तुमची, फासळी असेल तिथेच धरायचं, मधल्या कापडावर हात टेकायचा नाही, आणि शेपटी उचलताना –

थांबा.

उठले. आज लवकर उठले. ... नाही, तुम्ही काही बोलू नका. तिथेच उभे राहा.

काय? – हो, हे पाहुणे आहेत. पुण्याचे. विमान बघायला आलेत. – आवडलं म्हणतात. – कोण? कमला?

...

निघालीय ती. वाटेत असेल. येईलच. तुम्ही बसा. इकडे, स्टुलावर बसा, पाय थंड पडलेत तुमचे. ती येईपर्यंत मी दोरा ओवून ठेवते.

– तुम्ही निघा आता. नाही, माणसांना बोलवू नका. वर्षाला मी सांगते काय ते. कमला इथेच येणार ना, दुसरीकडे कुठे येणार? जा बाबा. फाटक ओढून घ्या, आवाज न करता.