लाल-हिरव्याची भानगड

नाही, पण मला एक सांगा, तीन माणसांच्या ऑफिसात कोण काय करतंय हे कळायला कॉम्प्युटर लागतो? मान वर केली की दिसतं! पण आमचे मालक दाजी, त्यांचा आमरसाच्या डब्यांचा कारखाना, आणि त्यांच्या सूनबाई ऋजुता, पुण्याच्या, त्यांनी जाहीर केलं, आता प्रत्येकाचं काम कॉम्प्युटरवर दिसणार. राहिलंय ते लाल, झालं की हिरवं. ‘श्यामकाका, अगदी सोप्पं आहे हो!’ तुम्हाला सांगतो, सोप्पं म्हटलं ना, तिथेच ओळखलं, यात काहीतरी काळंबेरं आहे.

तीन सॉफ्टवेअरं दाखवली. म्हणे तुम्हीच निवडा! इतक्या वर्षांत आम्हाला पंख्याचा स्पीडसुद्धा कुणी निवडू दिला नाही, आणि एकदम सॉफ्टवेअर? पहिल्यात कुणाला किती वेळ लागला ते दिसायचं. नको. दुसरं, उशीर झाला की परस्पर दाजींना कळवायचं. मुळीच नको! तिसऱ्यात नुसतं लाल आणि हिरवं, बाकी अक्कल शून्य. शेजारच्या टेबलावरच्या पद्मजाबाई हळूच म्हणाल्या, ‘हेच घ्या हो, याला कमी कळतंय.’ घेतलं.

पण लाल राहिलं तर दाजी बघणार. कशाला बघणार? कुणाला घरी बसवायचं ते ठरवायला, दुसरं काय! आणि माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय हो, भीती वाटते माणसाला… मग मी काय करायचो, आल्या आल्या सगळं हिरवं करून टाकायचो, काम मागाहून सावकाश. ट्रकवाल्याला फोन? हिरवा. लेबलं छापून आली? येतील की… हिरवी! तर पद्मजाबाईंचं माझ्याही आधी हिरवं. आणि आमच्यातला तिसरा, रूपेश, पोस्टात पाठवला तर आरे-वारेला समुद्र बघून येणारा, त्याचं आदल्या संध्याकाळीच हिरवं! म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे.

परवा दाजींनी तिघांना आत बोलावून चहा दिला. मालकाचा चहा! म्हणजे काळंबेरं असणारच की नाही? पण रागावले नाहीत हो, उलट खूश. म्हणाले, ‘श्याम, सकाळी ऑफिस उघडतं न उघडतं तोच सगळं हिरवं. मग दिवसभर तिघं करता काय रे?’

आता काय सांगणार? की कामं झालेलीच नाहीत? चहा बशीत ओतून भुरकला. ठरलं, इथे एकट्या पद्मजाबाई पुरेत, रूपेश कारखान्यात, आणि मी पार तिकडे मंडणगडच्या नव्या गोदामात. निदान काम काय ते तरी विचारलं, तर ऋजुता म्हणतात कशा, ‘काका, तिथल्या माणसांना हे सॉफ्टवेअर शिकवायचं. तुमच्याइतकं पटपट कुणालाच जमत नाही हो.’

निघालोय… शिकवतो बापडा.