दादांचं शेवटचं पिंप

“‘आधी पिंपाला नाक लाव, जीभ नंतर,’ असं दादा शिकवायचे. आणि तापात माझं नाकच गेलं, वहिनी. त्यांनी घातलेली शेवटची आंबट बिअर मुरली की नासली, कसं कळायचं?”

नाकाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर दीर-भावजय बसली होती.

“मी घेऊन आले वास, भाऊजी. आज सकाळीच, तुमची किल्ली नेऊन.”

“तुम्ही? दादा होते तेव्हा कारखान्याच्या दारातही कधी आला नाहीत!”

“नव्हते येत. आज गेले.”

“झोंबला का हो? व्हिनेगरसारखा? तसं असेल तर सगळं ओतून द्यावं लागेल.”

“छे, हिरवं सफरचंद चिरल्यासारखा होता. आणि मागून ओल्या लाकडाचा.”

“नक्की ना?”

“ह्यांच्या शर्टांना असाच यायचा. नाक मुरडून वेगळे धुवायचे मी. आज मात्र पिंपापासून हलवेना.”

“वहिनी, जमलीय हो दादांची बिअर! तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले? तुम्ही ते पिंप जपलंत, म्हणून मला हा वास पुन्हा मिळाला.”

“आता बाटल्या धुवायला हव्यात. भरायच्या आधी प्रत्येकीचा वास घ्यावा लागतो.”

“मी घेईन. शब्द देते.”

“लोक म्हणतील, वहिनी भट्टीवर निघाल्या.”

“म्हणेनात का. पिणार थोडीच आहे!”

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. दार लागल्यावर तिने त्याच्या पिशवीतून कारखान्याची किल्ली काढून घेतली, मला “त्यांना सांगाल का, मी पुढे गेले म्हणून?” असं हळूच विचारलं आणि ती जिना उतरू लागली.