बरनीले कोनाचा हात लागला

पुन्हा सांगू? बरं बावा, सांगतो, पन दर उन्हाळ्यात कैरी पडली का तुमाले हेच काऊन आयकाचं असते? दुसऱ्या गोष्टी का मेल्या? एका मानसाची बेइज्जती, अन् तुमी सारे पाय पसरून बसता. असो. पह्यले एवढं ध्यानात ठेवा, मंग हसा. मी बरनीले हात लावला नाई.

आमच्या वावराच्या धुऱ्यावर आंबा आहे, त्याची कैरी अशी आंबट का पाखरू चोच मारून पस्तावते. आनीबानी उठली त्या साली झाड असं लदलं का कांताच्या माईनं ठरवलं, पोरीच्या लग्नाले लोनचं घरचंच. कांता आमची एकुलती, लग्न दिवाळीनंतरचं. मोठी चिनीमातीची बरनी काढली, उन्हात तापवली, फोडींले हळद-मीठ लावून बाजेवर वाळवलं, भुईमुंगाच्या फल्लीचं तेल गरम करून थंडं केलं... अन् मले ताकीद, का ओल्या हाताचा मानूस इकडे फिरकाचा नाई, पान्याचा थेंब गेला तं बरनी गेली. तुमाले सांगतो, मी त्या बाजूनं जानंच सोडलं, जेवाले मांगच्या दारानं येत होतो!

आता भरनार कोन? तं माही मोठी बहीन, आनंदाबाई, तिले आमी बाईच म्हनतो, हिंगणघाटहून खास आली. काशी करून आली तवापासून तिचं सोवळं एवढं वाढलं का आमची सावली पडली तरी आंघोळ. म्हने सारे भाएर व्हा. दार लावून एकटीनं बरनी भरली, वर फडकं बांधलं, कोठीत ठेवली.

पोळ्याले बाई पुन्हा आली होती, तवा बरनी उघडली, तं वर पांढरा बुरा, कापूस फुटल्यावानी. अन् बाईनं इकडे पाह्यलं ना तिकडे, सरळ बोट माह्यावर. "चंद्रभान, लहानपनापासून चोरून खाची सवय तुही. ओलाच हात घातला अशीन."

मी म्हटलं, बाई, मी बरनीले हात लावला नाई. आयकते कोन? सांजेपर्यंत गावभर झालं. शेजारची शकुबाई पापड वाळू घाले, अन् मी दिसलो का त्यावर लुगडं ओढे. पापडाले का माही नजर लागते?

कांताच्या लग्नात तं हद्द झाली. मी नवरीचा बाप, डोक्याले फेटा, सुपारी आनाले कोठीत चाललो, तं आचारी आडवा. म्हने भाऊ, तुमी भाएरच राहा, अंदर लोनचं आहे. विकतचं लोनचं, वर्ध्याहून आनलेलं, त्याची मले बंदी! नवे व्याही, पुंडलिकराव, बाजूलेच उभे. त्याईनं लई अदबीनं विचारलं, "ओल्या हाताचे म्हनतात ते तुमीच का?" आता व्याह्याले का सांगू, का मी बरनीले हात लावला नाई?

दुसऱ्या साली पुन्हा कैरी, पुन्हा बाई. यंदा बाईच म्हने, दार उघडं राहू द्या, चंद्रभान नजरेसमोर पाह्यजे; कांताच्या माईनं मले बाजेवर बसवलं, हात मांडीवर, कोरडे. मंग बाई न्हानीतून निघाली... ओलेत्यानं. सोवळं ना! ओलं लुगडं अंगाले चिपकलेलं, केसातून पानी निथळून राह्यलं, पदराचं टोक परातीत, अन् तशीच बसली फोडी कालवाले. टप... टप... मी कांताच्या माईकडे पाह्यलं. ते परातीकडे पाहून राह्यली होती.

बाई देवाले फूल वाहाले उठली तशी मी म्हटलं, आता सांग साऱ्या गावाले.

"हळू बोला," कांताची माय म्हने. "मोठ्या आहेत त्या. त्याईच्या सोवळ्याले नावं ठेवली तं या घरचं पानी नाई पेनार. तुमचं नाव तं गेलंच आहे, राहू द्या."

अन् बाई दुपारी झोपली तवा कांताच्या माईनं त्या फोडी गुपचूप पुन्हा उन्हात घातल्या, कोरड्या हातानं बरनी स्वतः भरली. लोनचं असं टिकलं का पुढच्या कैरीपर्यंत कळा नाई गेली. बाईनं बोट चाटून चाटून खाल्लं, अन् पंगतीत साऱ्याईसमोर म्हने, "पाहा, यंदा चंद्रभाननं हात नाई लावला तं कसं टिकलं."

मी भाकर मोडली, खाल्ली. आता तिचे दात गेले, नुसता खार चाटते, तो बी मीच नेऊन देतो. पन तिनं माही मागाची ते माफी अजून अडकून आहे, आमच्या आनंदाबाईकडे.