रुंद वळण

तळ्याकाठच्या ग्रेनाडा गावातल्या दवाखान्यात माझ्या आधी नंबर होता तो सटासट शिंकणाऱ्या हॉलिसचा. शेजारी त्याची बायको वर्ना बसली होती; तो तिच्यावर डाफरत होता.

"चाळीस वर्षांचा संसार, आणि तू बोट थांबवली नाहीस!"

"थांबवायची नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मासा लागला तर, असं म्हणालो होतो. नवरा तळ्यात पडला तर नव्हे!"

"तुझे शब्द आठव. 'काहीही होवो, वर्ना, बोट चालत राहिली पाहिजे. थांबलीस की मागच्या आठही गळांच्या दोऱ्या तळाला जाऊन अडकतात.' सकाळपासून दहादा ऐकवलंस."

"अगं, मार्चचं पाणी आहे ते. बर्फ!"

"अंगात लाइफ जॅकेट होतं, तरंगत होतास. शिव्याही देत होतास, म्हणजे ठीकच होतास."

"निदान लगेच वळायचंस."

"मागे शंभर-शंभर फूट दोऱ्या. झटकन वळलं की सगळ्यांचा गुंता. वळण रुंद घ्यायचं, हेही तूच शिकवलंस."

"रुंद म्हणजे अर्ध्या तळ्याचं?"

"पहिलंच होतं माझं. पण जमलं. आतल्या बाजूच्या दोऱ्यांचा वेग कमी झाला, गळ खोल गेले, आणि क्रॅपी मासे लागले. तीन, एकामागून एक."

हॉलिस शिंकला. मग तिच्याकडे सरकून बसला.

"केवढे होते?"

"तुझ्या पंजात मावले नसते."

नर्सने नाव पुकारलं. हॉलिस उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"वर्ना, खरं सांग. कुठल्या रंगाच्या आमिषाला लागले?"

"थांबू नकोस, हॉलिस. चालत राहा."